ब्लाइंड खिडकीच्या खाचेत बसवावं की भिंतीवर? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीवर्धन, गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यातून ब्लाइंड (खिडकीला लावायचा, वर-खाली होणारा पडदा) बसवण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न कापडाचा आणि रंगाचा असतो. किनाऱ्यावरच्या घरात मात्र आधी भिंत बघावी, मग खिडकी, आणि ब्लाइंड सगळ्यात शेवटी निवडावं. हा क्रम उलटला की एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात ब्लाइंड धरून ठेवणारा ब्रॅकेट प्लास्टरसकट हातात येतो.

१. ब्लाइंड "आत" बसवणं आणि "बाहेर" बसवणं म्हणजे नेमकं काय?

खिडकी भिंतीच्या जाडीत थोडी बाहेरच्या अंगाला असते, त्यामुळे खोलीच्या बाजूला एक खाच मिळते. ब्रॅकेट या खाचेच्या वरच्या पृष्ठभागाला किंवा दोन कडांना लावले, तर ब्लाइंड आत बसलं. खिडकीच्या वर, खोलीच्या भिंतीवर लावून ब्लाइंडने सगळी खाच झाकली, तर ते बाहेर बसलं. घराबाहेरचा यात काही संबंध नाही, पण ऑर्डर देताना हा घोळ नेहमी होतो. चिठ्ठीवर सरळ "खाचेत" किंवा "भिंतीवर" लिहा. पुढे आम्हीही हेच दोन शब्द वापरले आहेत.

२. आमच्या घराला कोणतं बरं?

समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या खिडक्यांना भिंतीवर. पडवीच्या आडोशाच्या किंवा पूर्वेच्या खिडक्यांना, खाच पुरेशी खोल असेल तर खाचेत. आमचं मत इतकं स्पष्ट असण्याचं कारण पाऊस आहे. जून-जुलैत वाऱ्यासोबत येणारी झड स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून आत येते आणि खाचेची तळपट्टी ओली राहते. खाचेतल्या ब्लाइंडची खालची पट्टी त्याच ओलीवर टेकते. भिंतीवरचं ब्लाइंड काचेपासून १०-१५ सेंटीमीटर लांब राहतं आणि मधून हवा फिरते.

दुसरं कारण चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं बांधकाम. चिऱ्याच्या भिंतीतली खाच काटकोनात क्वचितच असते, आणि खाचेतलं ब्लाइंड प्रत्येक वाकडेपणा दाखवतं.

खाचेत बसवणंच भाग पडतं असे प्रसंगही आहेत. खिडकीला लागूनच कपाट आहे, वर माळा आहे किंवा खिडकीखाली पलंग असून ब्लाइंडला धक्का लागतो, अशा वेळी भिंतीवर बसवण्याचा हट्ट करू नये.

३. माप कसं घ्यायचं? दरवेळी ब्लाइंड लहान किंवा मोठं येतं.

स्टीलची टेप वापरा आणि माप मिलिमीटरमध्ये लिहा. सुतार सुतात सांगतो, दुकानदार मिलिमीटर लिहितो आणि चूक तिथेच शिरते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीपेक्षा किंचित जास्त.

खाचेसाठी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा घ्या. समजा १२०६, १२०० आणि १२०३ आले, तर माप १२००. त्यातून स्वतः काही वजा करू नका. "हे खाचेचं माप आहे" एवढं लिहून द्या. बनवणारा ५ ते १० मिमी कमी करतोच. आपणही कमी केले आणि त्यानेही केले, तर ब्लाइंड बोटभर तोकडं येतं. लहान ब्लाइंड येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. उंचीही तीन ठिकाणी मोजा: रोलरसाठी (नळीवर गुंडाळलं जाणारं कापडी ब्लाइंड) सर्वांत जास्त, आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडसाठी सर्वांत कमी आकडा घ्या, नाहीतर शेवटच्या पट्ट्या तळाशी साचून राहतात.

मग दोन्ही कर्ण मोजा. फरक १० मिमीपेक्षा जास्त असेल तर खाचेचा विचार सोडा.

भिंतीवर बसवायचं असेल तर खाचेच्या रुंदीत दोन्ही बाजूंना ७५ मिमी मिळवा. रोलर असेल तर १००, कारण त्याचं कापड ब्रॅकेटच्या टोकांपेक्षा अरुंद असतं. वर १०० आणि खाली ७५ मिमी. १२०० × १२००च्या खाचेला रोलर लावायचा तर ऑर्डर १४०० × १३७५, आणि चिठ्ठीवर "तयार ब्लाइंडचं माप, काही वजा करू नये" असं लिहा.

४. खाच किती खोल हवी?

पूर्ण आत लपवायचं तर २५ मिमी पट्टीच्या ॲल्युमिनियम ब्लाइंडला साधारण ४० मिमी, घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी रोमनला ५०, ५० मिमी पट्टीच्या लाकडी किंवा पीव्हीसी ब्लाइंडला ६५-७०, आणि रोलरला ६५-७५ मिमी. मात्र ही खोली काचेपासून मोजू नका. सगळ्यात पुढे आलेल्या वस्तूपासून मोजा: कडी, हँडल किंवा डासांच्या जाळीची चौकट. तीन ट्रॅकच्या खिडकीत जाळी बहुधा आतल्या ट्रॅकवर असते आणि खोली तिथेच संपते. ब्लाइंड थोडं पुढे डोकावलं तर बिघडत नाही, पण ब्रॅकेटचे दोन्ही स्क्रू खाचेच्या पृष्ठभागात बसतील एवढी जागा हवीच.

५. जुन्या घरात बाहेरून गज आहेत आणि खिडकीची दारं आत उघडतात. मग?

खाच बाद. भिंतीवर बसवतानाही एक हिशोब करावा लागतो: पूर्ण वर घेतलेल्या ब्लाइंडची गुंडाळी दाराच्या वरच्या कडेपेक्षा निदान २५ मिमी उंच राहिली पाहिजे. दीड मीटर उंचीच्या रोलरची गुंडाळी खालच्या पट्टीसह शंभर मिमीच्या आत बसते. तेवढ्याच उंचीचं ५० मिमी पट्ट्यांचं ब्लाइंड वर घेतलं तर पावणेदोनशे ते दोनशे मिमीचा गठ्ठा होतो, आणि चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, त्याहून जाड. म्हणून अशा खिडकीला रोलरच. दाराच्या वर दीडशे मिमीसुद्धा भिंत नसेल, जशी माजघरातल्या माळ्याखालच्या खिडक्यांत नसते, तर ब्लाइंडवर पैसे घालू नका. दांडी आणि दोन्ही बाजूंना सरकणारा पडदा तिथे जास्त चांगला चालतो.

६. चिऱ्याच्या भिंतीत स्क्रू धरतच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा स्क्रू चिऱ्यापर्यंत पोचलेलाच नसतो. चिरा खडबडीत असल्यामुळे त्यावर गिलावा जाड चढतो, कित्येकदा २० मिमी किंवा जास्त. ब्लाइंडच्या पाकिटातली गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) २५-३० मिमीची असते. म्हणजे ती जवळजवळ सगळी गिलाव्यातच बसते आणि रोज ओढून ओढून गिलावा सुटतो.

भोक पाडताना खाली पडणारी भुकटी बघा. आधी पांढरी पुट्टी येते, मग राखाडी गिलावा, आणि मग तांबडी भुकटी. तांबडी सुरू झाली की ड्रिलवर खूण करा आणि तिथून पुढे निदान ४० मिमी आत जा. ड्रिलचा हॅमर फक्त गिलाव्यापुरता चालू ठेवा. चिऱ्यात शिरताना तो बंद करा. चिऱ्याला मुळातच पोकळ्या असतात. हॅमरच्या ठोक्याने त्यांच्या भिंती ढासळतात आणि ८ मिमीचं भोक १२ मिमीचं होतं.

गिट्टी नायलॉनची, ८ मिमी जाडीची, ६० ते ८० मिमी लांब. स्क्रू ५ मिमी जाड आणि गिट्टीपेक्षा ब्रॅकेटच्या जाडीएवढा लांब. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी खोल पाडा आणि आतली भुकटी फुंकून किंवा पंपाने काढा. भुकटी राहिली तर गिट्टी फुलत नाही, नुसती फिरते.

तरीही भोक पोकळीत निघालंच तर दोन उपाय आहेत. एक, जाळीच्या नळीसह केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरलेलं आणि घट्ट होऊन स्क्रू धरणारं रसायन. पक्का, पण ब्लाइंडसाठी खर्चिक. दुसरा आम्हाला जास्त पसंत आहे. खिडकीच्या वर पूर्ण रुंदीची, ७५ मिमी रुंद आणि २० मिमी जाड सागवानी पट्टी चार-पाच लांब स्क्रूंनी वेगवेगळ्या चिऱ्यांत पक्की करा, तिला भिंतीचा रंग द्या आणि ब्रॅकेट त्या पट्टीत मारा. एखादा चिरा दगा देणारा निघाला तरी बाकीचे स्क्रू भार घेतात. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात स्क्रू मारू नका, विशेषतः मातीत बांधलेल्या जुन्या घरात.

लाकडी गिट्टी ठोकण्याची जुनी रीत इथे नको. पावसाळ्यात ती फुगते, मेमध्ये आकसते आणि दोन-तीन वर्षांत ढिली होते.

७. खिडकीच्या वर ड्रिल शिरतच नाही. भिंत एवढी कडक का?

तो काँक्रीटचा लिंटेल आहे, आणि ब्लाइंडसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा तीच. खिडकीच्या वर साधारण १०० ते १५० मिमी उंचीचा हा पट्टा दोन्ही बाजूंना भिंतीत आणखी आत गेलेला असतो. इथे हॅमर ड्रिल हवंच. ६ मिमीचा काँक्रीट बिट, ३५-४० मिमी खोल भोक, ६ मिमीची गिट्टी आणि ८ नंबरचा ३५ मिमी स्क्रू एवढं साध्या रोलरला पुरतं. मध्येच बिट थांबला आणि चकचकीत धातूची भुकटी दिसली तर सळई लागली. जोर करू नका. २५ मिमी बाजूला सरका आणि पहिलं भोक सिमेंटने बुजवा. उघडी राहिलेली सळई खारट हवेत गंजते, फुगते आणि काँक्रीटला तडा देते.

८. जुन्या लाकडी चौकटीतच स्क्रू मारला तर?

चौकट शाबूत असेल तर उत्तम. आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघा, मुख्यतः खालचे कोपरे. टोक सहज शिरलं तर वाळवी किंवा कूज आहे. साग, फणस, ऐन, किंजळ यांच्या जुन्या चौकटी फार कठीण असतात. ८ नंबरच्या स्क्रूसाठी ३ मिमीचं भोक आधी पाडावं, स्क्रूला मेण किंवा साबण लावावा. स्टेनलेसचा स्क्रू सुक्या लाकडात जबरदस्तीने पिळला तर मान मोडते. तेवढ्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून आटे पाडून घ्या, काढा, मग स्टेनलेसचा लावा.

९. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) चौकटीत भोक पाडावं का?

शक्यतो नाही. या चौकटी पोकळ असतात आणि पाणी बाहेर काढायचे मार्ग त्यांतूनच जातात. चुकीच्या जागी पडलेलं भोक पावसाळ्यात गळतं. पातळ ॲल्युमिनियममध्ये स्क्रूला दोनच आटे मिळतात, रोजच्या ओढीने तेही झिजतात. यूपीव्हीसीच्या आत लोखंडी पट्टी असू शकते आणि खिडकीची वॉरंटीही जाऊ शकते. खाचेच्या वरच्या पृष्ठभागाला, म्हणजे लिंटेलच्या पोटाला स्क्रू मारा (प्रश्न ७).

१०. स्क्रू आणि ब्रॅकेट कोणत्या धातूचे घ्यायचे?

ब्लाइंडसोबत येणारे पिवळट किंवा चंदेरी मुलाम्याचे स्क्रू वापरूच नका. समुद्रकाठी त्यांवर पहिल्याच पावसाळ्यात गंज दिसतो आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. चिपळूण, सावंतवाडीसारख्या आतल्या गावांत ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरतं. किनाऱ्याला लागून असलेल्या घराला ३१६ घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठासमोर जास्त टिकतं. दुकानात चुंबक लावून बघा: घट्ट चिकटला तर तो ३०४ किंवा ३१६ नाही. किंचित ओढला गेला तर चालेल.

पट्ट्यांच्या ब्लाइंडचं वरचं खोकं बऱ्याचदा रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचं असतं आणि कापलेल्या टोकांपासून गंजतं. ॲल्युमिनियमचं मागून घ्या. रोलरची साखळी प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची असावी.

११. कापड, बांबू, लाकूड, ॲल्युमिनियम: कोकणात काय टिकतं?

पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिस्टर किंवा फायबरग्लासचं जाळीदार कापड सगळ्यात बिनघोर. सुती आणि तागाचं कापड बुरशी धरतं. खऱ्या लाकडाच्या पट्ट्या दमट हवेत पिळतात; तो देखावा हवा असेल तर पीव्हीसीच्या घ्या, पण त्या जड असतात आणि प्रश्न ६ मधलं सगळं काटेकोर पाळावं लागतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चांगल्या, मात्र दोरीच्या भोकांपाशी रंग उडतो आणि तिथून पांढरी पूड धरते. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसल्या तर पुष्कळ वर्षं जातात. बांबू पडवीसाठी ठेवा (प्रश्न १३).

१२. पश्चिमेचं ऊन कडेच्या फटीतून डोळ्यांवर येतं. फट बंद होईल का?

खाचेतल्या रोलरला दोन्ही कडांना १५-२० मिमी फट राहणारच. कापड ब्रॅकेटपेक्षा अरुंद असल्याने तिला इलाज नाही. फार तर खाचेच्या कडांना इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या ॲल्युमिनियम पट्ट्या लावून कापड त्यांत फिरवता येतं. भिंतीवर दोन्ही बाजूंना १०० मिमी जास्त घेतलेलं ब्लाइंड हा प्रश्न स्वस्तात सोडवतं.

कोणत्या खिडकीला त्रास होईल हे आधी ओळखता येतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २४-२५ अंश उत्तरेकडे मावळतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. मेच्या तापलेल्या संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीबरोबर वायव्येची खिडकीही भाजते. माप घ्यायला हिवाळ्यात आलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही, कारण तेव्हा ऊन नैऋत्येच्या खिडकीत असतं.

१३. पडवीत चिका लावायच्या आहेत. त्याच पद्धतीने लावायच्या का?

नाही, इथे सगळं वाऱ्याच्या हिशोबाने. चीक भिंतीला नाही, तर खांबांवरच्या आडव्या तुळईला टांगा, आणि तीही स्टेनलेसच्या हुकांवर, म्हणजे स्क्रू न काढता उतरवता येईल. दीड मीटरपेक्षा रुंद चीक नको. मोठ्या गाळ्याला दोन शेजारी शेजारी लावा. खालच्या कडेला दोन्ही टोकांना दोरी असावी आणि खांबाला बांधायची सोय असावी, नाहीतर चीक आपटून तिचेच दोरे कापते.

मेअखेरीस चिका उतरवून, उन्हात तापवून, माळ्यावर ठेवाव्यात. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, दोन्ही मोसमी पावसाच्या तोंडावर. वादळाचा इशारा आला की उतरवायला पाच मिनिटं लागावीत, तास नाही. पावसाळाभर आडोसा हवा असेल तर झाप किंवा जाड ताडपत्री हे काम चिकेपेक्षा चांगलं करते.

१४. खिडकीवर पीओपीचं किंवा जिप्समचं सीलिंग आहे. त्याला लावू का?

नुसत्या बोर्डाला लावू नका. दमट हवेत तो मऊ होतो आणि स्क्रू सुटतो. सीलिंग करतानाच पडद्याच्या जागी १८ मिमीचा मरीन प्लाय वर स्लॅबला टांगून बसवून घ्या. सीलिंग आधीच झालं असेल तर लोखंडी चॅनेल कुठून जातो ते चुंबकाने शोधा. तो नेमका हव्या जागी सापडला तर ठीक, नाहीतर भिंतीवर या.

१५. आठ फुटांची खिडकी आहे. एक ब्लाइंड की दोन?

दोन. रोलरची नळी बारीक असेल तर दीड मीटरच्या पुढे मध्ये झोळ येतो आणि कापडावर तिरक्या सुरकुत्या पडतात. ३८ मिमीची नळी दोन मीटरच्या आसपास नेता येते, पण वजन दोनच ब्रॅकेटवर येतं आणि चिऱ्याच्या भिंतीत ते नको. दोन ब्लाइंडमधली फट खिडकीच्या उभ्या चौकटीसमोर येईल अशी विभागणी करा. पट्ट्यांच्या ब्लाइंडला १२०० मिमीच्या पुढे मधला आधार लागतो.

१६. रोलर गुंडाळताना कापड एका बाजूला सरकतं. ब्लाइंड सदोष आहे का?

बहुधा नाही. आधी नळीवर लेव्हल ठेवा. फ्लॅटचं छत किंवा जुन्या घराची तुळई समपातळीत असतेच असं नाही, त्यामुळे त्यांच्यापासून मोजून लावलेले ब्रॅकेट वरखाली होतात. दोन्हींच्या खुणा लेव्हलनेच कराव्यात. नळी समपातळीत असूनही कापड डावीकडे सरकत असेल, तर ते पूर्ण खाली सोडा आणि नळीच्या उघड्या भागावर उजव्या टोकाला मास्किंग टेपचा इंचभर तुकडा चिकटवा. उजवीकडे सरकत असेल तर डाव्या टोकाला. फरक पडला नाही तर त्यावर आणखी एक थर.

१७. घरात लहान मूल आहे. दोरीचं काय?

लोंबणाऱ्या साखळीचा किंवा दोरीचा फास मुलाच्या गळ्याला बसू शकतो. इथे तडजोड नको. बिनदोरीचं, स्प्रिंगचं ब्लाइंड घ्या. साखळीच असेल तर ती ताणून भिंतीला धरणारा क्लिप दोन स्क्रूंनी पक्का करा, चिकटवू नका. मोकळी दोरी जमिनीपासून दीड मीटरच्या वर गुंडाळून ठेवा आणि खिडकीखालून पलंग, खुर्ची, पाळणा हलवा.

१८. भाड्याचं घर आहे, भोक पाडायचं नाही. चिकटपट्टीचे ब्रॅकेट चालतील?

डिंकाचे ब्रॅकेट पावसाळ्यात सुटतात, विशेषतः चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवरून. रंगासकट पापुद्रा निघतो. खाचेत ताणून बसणारी स्प्रिंगची दांडी आणि हलकं कापड एवढंच भरवशाचं. स्प्रिंगच्या दांडीचा जोर दोन्ही कडांवर येतो, म्हणून टोकांना रबर असलेलीच घ्या.

१९. घर गणपती ते शिमगा बंदच असतं. ब्लाइंड वर ठेवून जावं की खाली?

पूर्ण गुंडाळून ठेवू नका. गुंडाळीत ओल अडकली की काळे ठिपके पडतात आणि ते कापडातून जात नाहीत. आदल्या दिवशी ब्लाइंड पूर्ण खाली सोडून पंखा लावून सुकवा, दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसा आणि जाताना खालची पट्टी तळापासून वीतभर वर ठेवा. पट्ट्यांच्या ब्लाइंडच्या पट्ट्या आडव्या उघड्या ठेवा. खाचेतल्या ब्लाइंडच्या मागची काच घट्ट बंद असेल तर हे जास्तच कसोशीने करा, कारण तिथे हवा हलतच नाही. परत आल्यावर ओढण्याआधी ब्रॅकेटचे स्क्रू हाताने चाचपा. एखादा हलत असेल तर नुसता पिळू नका, काढून गिट्टी बघा आणि प्रश्न ६ प्रमाणे लांब गिट्टी घाला.